हात बसेपर्यंत

‘उमेदवारी’ हा शब्द आज निवडणुकीच्या धामधुमीत आखडून गेला आहे. पण आपल्या वडील पिढीला तो निराळ्या अर्थाने परिचित होता. वकिलाच्या कचेरीत, सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात किंवा वैद्याच्या घरी, मोबदल्याची फारशी अपेक्षा न धरता काम शिकण्यासाठी राहणे म्हणजे उमेदवारी करणे. ही उमेदवारी किती दिवस चालावयाची, याचे उत्तर तिथी-वारात मिळत नसे. ‘हात बसेपर्यंत’ एवढेच सांगितले जाई. बुद्धीला समजणे एक आणि हात बसणे दुसरे, हा भेद आपल्या भाषेने किती सहजपणे करून ठेवला आहे!

हात बसेपर्यंत काही ना काही बिघडतेच. सोनाराच्या उमेदवाराने दागिना बिघडवला तर सोने पुन्हा वितळवता येते. छापखान्यात वाया गेलेला ताव रद्दीत जातो. वकिलाच्या उमेदवाराने अर्जात चूक केली तर वरचे न्यायालय असते. परंतु ज्या उमेदवाराच्या हाताखाली तीन किलो वजनाचे, श्वासासाठी धडपडणारे तान्हे मूल असते, त्याच्या हाताने बसायचे कोठे आणि कोणाच्या जिवावर? बालरोगशास्त्रातील अतिदक्षतेचे जे विशेष प्रशिक्षण आज ‘फेलोशिप’ या नावाने ओळखले जाते, त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे. तो वैद्यकाचा असण्याआधी नीतीचा आहे. म्हणूनच मी वैद्य नसतानाही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

(फेलोशिपला ‘अधिछात्रवृत्ती’ असा शासकीय प्रतिशब्द आहे. त्यात वृत्ती, म्हणजे पैसा, तेवढा डोळ्यांत भरतो. ‘उमेदवारी’ हाच शब्द येथे खरा शोभतो; पण तो आता परत मिळणे कठीण.)

प्रथम या विद्येचे वेगळेपण पाहू. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे वाक्य बालरोगशास्त्राच्या पहिल्या पाठात असते. अतिदक्षता विभागात त्याचा अर्थ फार कठोर होतो. नवजात अर्भकाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलीलीटर रक्त असते. म्हणजे तीन किलोच्या बाळाचे सारे रक्त एका मोठ्या पेल्यात मावेल. त्याची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलीमीटर रुंद असते, जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, आणि वजनाच्या प्रमाणात त्याला प्रौढ माणसाच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो. त्यामुळे श्वास थांबला की त्याची शिल्लक फार लवकर संपते. प्रौढाच्या घशात नळी घालताना डॉक्टरला जेवढा अवकाश मिळतो, तेवढा येथे मिळत नाही. औषधाची मात्रा वजनावर ठरते. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते. ग्रंथांतून हे सारे वाचता येते, परीक्षेत लिहिताही येते. मात्र निळसर पडू लागलेल्या बाळाच्या घशात ती नळी योग्य जागी नेऊन बसविणे वाचून येत नाही.

म्हणून साडेपाच वर्षांचा एम.बी.बी.एस., त्यावर तीन वर्षांचे बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण, आणि त्याही पुढे हा अभ्यासक्रम. आपल्या देशात इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स आणि इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थांच्या पुढाकाराने अशा फेलोशिपा उभ्या राहिल्या; चंडीगडच्या पी.जी.आय.सारख्या ठिकाणी याच विषयाची डी.एम. ही पदवी मिळते. अमेरिकेत बालरोगाच्या प्रशिक्षणानंतर पुन्हा तीन वर्षे यातच काढावी लागतात. या काळात उमेदवार प्रथम पाहतो. मग ज्येष्ठाच्या हाताशेजारी हात ठेवून करतो. पुढे ज्येष्ठ नुसता खोलीत उभा राहतो. आणि एक दिवस असा येतो की ज्येष्ठ घरी असतो व दूरध्वनी केल्यास येतो.

या क्रमातील प्रत्येक पायरीवर ज्येष्ठ एक पाऊल मागे सरकतो. माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ येथेच आहे. तो कधीच मागे सरकला नाही तर उमेदवार जन्मभर उमेदवारच राहील आणि ज्येष्ठाबरोबर त्याची विद्याही संपेल. तो फार लवकर सरकला तर एखाद्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागेल. पुष्कळ विभागांत असा दंडक असतो की एक-दोन प्रयत्नांत नळी बसली नाही तर हात बदलावा. दंडक योग्यच आहे. पण तो पहिला, फसलेला प्रयत्नही कोणाच्या तरी मुलावरच झालेला असतो. ज्येष्ठ जाणतो की आपण स्वतः केले असते तर कदाचित पहिल्याच प्रयत्नात झाले असते. तरीही तो हात मागे घेतो. का? समोरच्या या मुलासाठी नव्हे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, अन्य कोणत्या तरी गावात येणाऱ्या अनोळखी मुलासाठी. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे तत्त्व आपण महाविद्यालयात शिकलो. येथे तर बोलताही न येणारे मूल अंशतः दुसऱ्याच्या हिताचे साधन होत असते, आणि ते टाळण्याचा मार्ग कोणालाही सापडलेला नाही.

मार्ग शोधले गेले नाहीत असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाचा आहे. शास्त्र पूर्ण वाचलेल्या शिष्याकडूनही प्रत्यक्ष कर्माचा सराव करून घ्यावा, असे तेथे सांगितले आहे; आणि छेदनासाठी कोहळा, भोपळा, काकडी अशी फळे, भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्या, शीर वेधण्यासाठी मेलेल्या जनावराच्या शिरा व कमळाचे देठ, पट्टी बांधण्यासाठी मातीचा अथवा कापडाचा पुतळा अशी योजना आहे. आजच्या प्रशिक्षणकेंद्रांत रबराची व प्लास्टिकची बाळे असतात. त्यांची छाती हलते, नाडी लागते, संगणकाच्या आज्ञेने ती निळीही पडतात. सुश्रुताचा कोहळा आणि हे पुतळे यांच्या मागची नीती एकच आहे: जे अजीवावर शिकता येईल ते सजीवावर शिकू नये. या नियमाला अपवाद असू नये असे मला वाटते. पुतळ्यावर वीस वेळा न केलेले काम प्रथमच बाळावर करणे, हे आज अज्ञानाच्या सबबीखालीही क्षम्य नाही.

पण कोहळ्याला आई नसते. पुतळ्याला लाळ सुटत नाही, त्याचे तोंड रक्ताने भरत नाही, आणि त्याच्या पायथ्याशी पदराचा बोळा तोंडात धरून कोणी उभे नसते. अतिदक्षतेतील सर्वांत अवघड कौशल्य तर हाताचे नव्हेच. आता उपाय उरला नाही, हे आईबापांना सांगणे, हे ते कौशल्य. त्याचाही पहिला दिवस असतो. कोणा एका बापाने आपल्या मुलाच्या मृत्यूची वार्ता अशा तरुण डॉक्टरच्या तोंडून ऐकलेली असते, ज्याने ती पूर्वी कोणालाच सांगितलेली नव्हती. ज्याचे शब्द अडखळले, ज्याने ‘दगावले’ म्हणण्याऐवजी यंत्राच्या आकड्यांविषयी काहीतरी सांगितले, आणि त्या बापाला दोनदा विचारावे लागले. हा घाव कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

या विद्येचा जन्मच शिकाऊ हातांतून झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसन बंद पडलेल्या व गिळता न येणाऱ्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने, ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करवून, त्यातून नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. पण पुढचा प्रश्न होता हातांचा. एका रुग्णाला रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे, कोणीतरी पिशवी दाबत बसावयास हवे होते. सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी बसले. मृत्यूचे प्रमाण पुढे सुमारे पंचवीस टक्क्यांवर आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम बहुतेक इतिहासकार येथे मानतात. तीन वर्षांनी स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे केवळ मुलांसाठी असा पहिला विभाग निघाला, आणि १९६७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात जॉन डाउन्स यांनी तसा विभाग सुरू केला. फिलाडेल्फियाचे नाव मराठी माणसाला परके नाही. दहा दिवसांचे बाळ गमावलेली कल्याणची चौदा वर्षांची आई पुढे जेथे शिकून १८८६ साली डॉक्टर झाली, ते आनंदीबाईंचे हेच गाव.

कोपनहेगनचे उदाहरण देऊन शिकाऊ हातांचे सरसकट समर्थन करणे मात्र चुकीचे ठरेल. तेथे पर्याय मृत्यू हाच होता. विद्यार्थ्याचा अडाणी हात आणि निष्णाताचा हात अशी ती निवड नव्हती. हात किंवा काहीच नाही, अशी होती. आपला प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण आज निष्णात हात त्याच इमारतीत असतो.

निवड करावयाची वेळ आली की माणूस काय करतो, याची अतिशय प्रामाणिक साक्ष एका मराठी वंशाच्या शल्यचिकित्सकाने दिलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. आत्माराम गावंडे यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे यांनी २००२ साली ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात याच विषयावर लेख लिहिला. तो त्याच वर्षीच्या ‘कॉम्प्लिकेशन्स’ या त्यांच्या पुस्तकातही आहे. त्यांचा थोरला मुलगा अकरा दिवसांचा असताना त्याचे हृदय अकस्मात निकामी होऊ लागले. महाधमनीचा मोठा भाग मुळात तयारच झालेला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले. त्या साऱ्या दिवसांत त्याची सर्वाधिक काळजी वाहिली होती ती हृदयरोगविभागातील एका फेलोने. घरी जाण्याची वेळ आली तेव्हा त्या फेलोने पुढील तपासण्या आपल्याकडे कराव्यात असे सुचविले. गावंडे यांनी नकार दिला आणि विभागातील नामवंत ज्येष्ठांची निवड केली. ते स्वतः त्या वेळी शिकाऊ डॉक्टर होते. इतरांच्या शरीरावर शिकत होते. त्या फेलोला अनुभव मिळाला पाहिजे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? तरीही, आपल्या मुलाचा प्रश्न आला तेव्हा त्यांना ही निवड मुळीच जड गेली नाही, असे ते लिहितात.

मला या नकारात दोष दिसत नाही. बापाने आपल्या मुलाच्या खाटेशेजारी उभे राहून समाजाच्या हिताचा हिशेब मांडावा, अशी अपेक्षा करणारी नीती माणसांसाठी नसावी. परंतु गावंडे पुढे जी गोष्ट मान्य करतात ती अधिक महत्त्वाची आहे. ही निवड त्यांना करता आली, कारण ते आतले होते. कोण शिकाऊ, कोण मुरलेला, कोणाला विचारावे आणि कसे नाकारावे, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक नसते त्यांच्या मुलांवर शिक्षण चालते. नाकारण्याचा मार्ग सर्वांना मोकळा नसेल तर तो कोणालाच नसणे कदाचित बरे, असा त्यांच्या विचाराचा कल दिसतो. मीही त्याच मताचा आहे. मात्र हा विचार बोस्टनमध्ये लिहिणे वेगळे आणि इंदुरात बसून वाचणे वेगळे.

आपल्या गावाकडे पाहू. इंदुरात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण १८७८ पासून चालत आले आहे. किंग एडवर्ड मेडिकल स्कूलचे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होते. १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचे रुग्णालय त्याला जोडलेले आहे. मुलांसाठी चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुले-मुली तेथे शिकून डॉक्टर झाली, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ती शिकली कोणावर? झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन येथून रात्री-बेरात्री येणाऱ्या भिल्ल-भिलाला कुटुंबांच्या मुलांवर. हिंदीही ज्यांना धड समजत नाही अशा आया आणि अर्ध्या कागदावर अंगठा उमटवणारे बाप, यांनी आपल्या डॉक्टरांना शिकविले. रामबागेतल्या किंवा टिळकनगरातल्या घरातले नातवंड आजारी पडले की ते खासगी रुग्णालयात जाते. ‘तिकडे नको हो, तिकडे शिकाऊ असतात’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकले नाही? ते बोलणारी काकू किंवा मावशी दुष्ट नसते. गावंड्यांनी जे केले तेच ती करते.

त्यातला एक भ्रम मात्र दूर केला पाहिजे. जेथे शिकाऊ नसतात तेथे रात्री दोन वाजता निष्णात असतो, असे आपण गृहीत धरतो. दारावरच्या पाटीवर ज्यांचे नाव असते ते डॉक्टर रात्री आपल्या घरी झोपलेले असतात. देशातील अनेक खासगी रुग्णालयांत त्या वेळी अतिदक्षता विभागात जो तरुण बसलेला असतो, त्याचे शिक्षण त्या कामाचे नसते. पुष्कळदा तर तो निराळ्याच चिकित्सापद्धतीचा पदवीधर असतो. तो शिकाऊ म्हणून ओळखला जात नाही एवढेच. आणि त्याच्यामागे कोणी ज्येष्ठही उभा नसतो. आठ-नऊ वर्षे वैद्यक शिकून, केवळ मुलांच्याच अतिदक्षतेत दिवस-रात्र काढणारा फेलो आणि हा तरुण यांत निवड करावयाची असेल, तर मी क्षणाचाही विचार न करता फेलोच्या हाती माझे नातवंड देईन. फेलोशिपमुळे शिकण्याची जोखीम नाहीशी होत नाही. पण शिकणारा कोण आहे, त्याने आजवर काय केले आहे आणि त्याच्या चुकीचे उत्तर कोणी द्यावयाचे, हे त्यात ठरलेले असते.

यात ‘उत्तर कोणी द्यावयाचे’ हा भाग मी सर्वांत मोठा मानतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत जे घडले त्याची चौकशी इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि २००१ साली अहवाल प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९५ या काळात, अपेक्षेपेक्षा एक वर्षाखालील ३० ते ३५ मुले तेथे अधिक दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. ते शल्यचिकित्सक शिकाऊ नव्हते, ज्येष्ठ होते. त्यांच्यासाठी काही शस्त्रक्रिया मात्र नव्या होत्या, आणि ते शिकत आहेत हे कोणी म्हणत नव्हते. आईबापांना सांगितले गेले नाही. धोक्याची घंटा वाजविली ती तेथे नव्याने आलेल्या स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने, आणि त्याचे बरेच दिवस कोणी ऐकले नाही. याच सुमारास लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील मार्क द लेव्हाल या नामांकित शल्यचिकित्सकाच्या हातून नवजातांच्या अशाच शस्त्रक्रियांत ओळीने काही अपयशे आली. त्याने आपले आकडे मोजले, दुसऱ्या शल्यचिकित्सकाकडे जाऊन पुन्हा शिकला, आणि १९९४ साली हे सारे स्वतःच्या नावाने छापले. म्हणजे धोका शिकण्यात नव्हता. शिकणे लपविण्यात होता. ‘मी शिकतो आहे’ असे ज्या पदाच्या नावातच म्हटलेले आहे, त्या पदाची भीती मला म्हणूनच कमी वाटते.

आता आपल्याकडील एक ताजी आणि लाजिरवाणी गोष्ट. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस यशवंतराव रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात दोन अर्भकांना उंदीर चावले आणि पुढे दोन्ही अर्भके दगावली. मृत्यू उंदरांमुळे की मूळ व्याधींमुळे यावर वाद झाला. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. त्या वादात मी पडत नाही. येथे प्रशिक्षणाचा प्रश्नच नव्हता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. मी हे एवढ्यासाठी आणतो की ज्या कक्षात आवाज असलेल्या घरांची मुले नसतात, त्या कक्षावर लक्ष ठेवणारे डोळेही कमी असतात. शिकणाऱ्या हातामागे उभा राहणारा ज्येष्ठ, पुरेशा परिचारिका, मोजलेले आकडे, बंद केलेली बिळे या गोष्टी आपोआप होत नाहीत. त्या मागणारा कोणी असावा लागतो. आपण तेथून मुले काढून घेतली, तेव्हा हे मागणेही काढून घेतले. माझे नातवंड इंदुरातल्या जुन्या वाड्यात जन्मेल की अलीराजपूरच्या फळ्यात, हे मला आधी ठाऊक नसते, तर रुग्णालयाचे नियम मी कसे केले असते? रॉल्सने १९७१ साली न्यायाविषयी हाच प्रश्न विचारला होता. मला वाटते, मी शिकाऊंना मनाई केली नसती. पैसे भरणाऱ्याच्या आणि न भरणाऱ्याच्या खाटेशी तोच फेलो आणि त्याच्यामागे तोच ज्येष्ठ असावा, एवढे मी लिहून घेतले असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. एका अतिदक्षता विभागावर होणाऱ्या खर्चात खेड्यांतील किती मुले वाचतील? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्यास, जंतुसंसर्ग ओळखण्यास, इंजेक्शन देण्यासही शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. कोणतेही यंत्र नव्हते. हा आक्षेप मला खर्चाच्या बाबतीत निरुत्तर करतो; दोन्ही हवे, एवढेच म्हणता येते, कारण गावातल्या आरोग्यदूताने वेळीच ओळखलेले काही बाळ शेवटी कोठेतरी पाठवावेच लागते. पण गडचिरोलीत मला आपल्या प्रश्नाशी संबंधित असे आणखी काही दिसते. त्या स्त्रियाही शिकतच होत्या, त्यांचाही पहिला दिवस होता, आणि त्यांच्यावरही देखरेख होती. मात्र ज्या गावच्या बाळांवर त्यांचा हात बसला, त्याच गावात तो हात राहिला. जोखीम ज्यांनी घेतली, फळ त्यांनाच मिळाले.

आमच्याकडे तसे घडत नाही. झाबुआच्या मुलांवर शिकलेला डॉक्टर पुढील अभ्यासासाठी दिल्ली-मुंबई-चंडीगडला जातो, आणि परत आलाच तर इंदूरच्या एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयात येतो. तेथे ज्याच्यावर तो उपचार करतो ते मूल बहुधा आपल्या घरातले असते. हात बसला एकाच्या जिवावर, आणि त्याचा गुण आला दुसऱ्याला. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मोजले. गुरूकडून घेतलेल्या विद्येचे ऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते. पण ज्या मुलाच्या घशात पहिला प्रयत्न फसला, त्या मुलाच्या ऋणाला आपल्याकडे नावच नाही. ते डॉक्टरने एकट्याने फेडावयाचे की त्या डॉक्टरच्या बसलेल्या हाताचा लाभ घेणाऱ्या आपणही? शासनाने बंधपत्रे लिहून घेऊन काही वर्षे ग्रामीण सेवा सक्तीची केली. तो मार्ग मला फारसा फलदायी वाटत नाही, कारण नुकत्या शिकलेल्या एकट्या तरुणाला यंत्र नसलेल्या, ज्येष्ठ नसलेल्या जागी पाठविणे म्हणजे पुन्हा त्याच मुलांवर विनादेखरेख शिकणे. त्यापेक्षा इंदूरसारख्या शासकीय रुग्णालयांतच मुलांच्या अतिदक्षतेची फेलोशिप, पुऱ्या वेळच्या ज्येष्ठांसह, चालावी आणि तिच्यातून बाहेर पडलेल्यांना तेथेच टिकविण्याइतके वेतन व मान मिळावा, हे मला अधिक न्याय्य वाटते. त्यासाठी पैसा लागेल, आणि आपल्या समाजातील विश्वस्त-संस्थांपाशी तो अगदीच नाही असे नाही. आपण मंगल कार्यालये उत्तम बांधली आहेत.

आणि आईबापांना सांगावे. त्यांच्या भाषेत, भिली किंवा निमाडीत, कोणीतरी सांगावे की हे डॉक्टर शिकत आहेत, यांच्यामागे हे मोठे डॉक्टर उभे आहेत, आणि अडले तर ते हात घालतील. सांगितले तर सारे नकार देतील, ही भीती वैद्यकीय वर्तुळात पुष्कळदा बोलून दाखविली जाते. मला ती पूर्णपणे खरी वाटत नाही. आपल्या माणसाने शिकावे म्हणून थोडे सोसण्याची तयारी साध्या माणसांत आपल्या समजुतीपेक्षा जास्त असते. फसविले गेल्याचा संताप मात्र त्यांना खरोखर असह्य होतो. तातडीच्या क्षणी हे विचारता येणार नाही, हे उघड आहे. पण विभागाच्या दाराशी तसा फलक लावता येतो, दाखल करतानाच्या कागदावर अंगठ्याच्या वर एक ओळ घालता येते, आणि खासगी रुग्णालयात जाणाऱ्या आपल्यालाही प्रवेशाच्या वेळी विचारता येते की रात्री येथे कोण असते, त्याचे शिक्षण काय, आणि त्याच्यामागे कोण.